दोष नेहमी म्हाताऱ्या लॅपटॉपचाच का?

आधी एक कबुली. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत 'फिजिक्स' इंग्रजीतून शिकलो आणि भांडणं झाडीबोलीतून केली, मधली प्रमाण मराठी राहूनच गेली. मराठी विभागाची पानं भरत नव्हती म्हणून संपादकांनी मला मेसच्या लाईनीत गाठलं, आणि हातात पोळी असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला. विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि त्यावर मला चक्क भांडायचंय.

मागच्या गॅदरिंगची ती संध्याकाळ आठवते ना? ग्रुप डान्सचं तिसरं गाणं ऐन रंगात आलं आणि स्पीकरमधून 'चर्र... कट कट... चर्र' सुरू झालं. स्टेजवरची पोरं पुतळ्यासारखी उभी, मागच्या रांगेतून शिट्ट्या, पुढच्या रांगेत सरांच्या कपाळावर आठ्या. कन्सोलवरच्या आमच्या मित्राने हात वर केले आणि तो अमर डायलॉग मारला, "लॅपटॉप जुना आहे यार!" बस्स, निकाल लागला. आता कमिटीचा प्रस्ताव आहे की यंदाच्या गॅदरिंगच्या फंडातून डीजेसाठी नवा लॅपटॉप घ्यायचा. माझा याला विरोध आहे. का, ते सांगायला मला तुम्हाला आमच्या गावी न्यावं लागेल.

आमचं गाव दिघोरी. भंडारा जिल्हा, लाखांदूर तालुका. धानाचा मुलूख. आमच्याकडे दिवाळी फटाक्यांनी संपत नाही, भाऊबीजेनंतर खरी सुरू होते, कारण तेव्हा मंडया भरतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दुकानं, मिठाई, दंडार, रात्री नाटक. झाडीपट्टीची नाटकं म्हणजे काय प्रकार आहे हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगून कळत नाही, एकदा येऊन रात्रभर थंडीत कुडकुडत बघावं लागतं. (या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांना आपल्याच घरचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.) नाटकवाले आपले ऑर्गन-तबला घेऊन बसतात, त्यांचं काही हँग होत नाही. पण मंडईचा दिवस, हळद, वरात, तान्हा पोळा, हे सगळं आता डीजेवाल्याकडे गेलंय.

माझा चुलतभाऊ, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, तो हाच धंदा करतो. चार एकर धान आणि वर हा साऊंड. दोन बास, दोन टॉप, एक ॲम्प्लिफायर, एक छोटा मिक्सर आणि एक सेकंडहँड लॅपटॉप. हा लॅपटॉप इतका जुना की त्याच्या कीबोर्डवरची 'ए' आणि 'एस' ही अक्षरं पुसून गेलीत. २०२४ च्या दिवाळीआधी दादाचा हॉस्टेलवर फोन आला. "बाबू, तू इंजिनेर होऊन रायला ना गा? आवाज फाटते. दोन बुकिंग गेले. का करू?"

मी तेव्हा सेकंड इयरला. मेसमधून रूमकडे चाललो होतो. एक सेकंदही विचार न करता मी म्हणालो, "रॅम कमी आहे दादा. चारची आठ कर."

दादाने अठराशे रुपये खर्चून रॅम टाकली. धान अजून विकलं जायचं होतं, म्हणजे ते पैसे कुठून तरी उसने आणलेले. आणि फरक? शून्य. पुढच्या मंडईत मी स्वतः हजर होतो. पाऊण तास झाला आणि 'चर्र... कट कट' सुरू. गावातली मंडळी माझ्याकडे बघत होती, कारण दादाने सगळ्यांना अभिमानाने सांगून ठेवलं होतं की बाबूनं सांगितलं ते पार्ट टाकलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वडीलधाऱ्यांत लगेच चर्चा सुरू झाली की नवा लॅपटॉप घ्यायला सोसायटीचं कर्ज मिळेल का, नाहीतर मग एक बैल...

त्या रात्री मी लॅपटॉप घरी आणला, हेडफोन लावला आणि दोन तास गाणी वाजवली. एकदाही आवाज तुटला नाही! आता सांगा. मशीन तेच, गाणी तीच, सॉफ्टवेअर तेच. मग मंडपात काय वेगळं होतं?

दुसऱ्या दिवशी आम्ही अंगणात अख्खा सेट मांडला. ॲम्प्लिफायर सुरू केला, लॅपटॉपची वायर जोडली आणि स्पीकरमधून 'घूंऽऽऽ' असा आवाज. दादाने सवयीने लॅपटॉपचा चार्जर काढला. घूं बंद. "हे पाय, असंच करा लागते," तो म्हणाला. दहा-बारा मिनिटं झाली आणि चर्र, कट कट. मी चार्जर लावला. कट कट बंद, घूं सुरू. काढला, घूं बंद, थोड्या वेळाने कट कट सुरू. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. आयुष्यात पहिल्यांदा मला 'एक्सपेरिमेंट' हा शब्द कळला. लॅबच्या जर्नलमधला तो एक्सपेरिमेंट आपण सिनियरकडून उतरवून घेतो, त्यामुळे तो कळायचा प्रश्नच येत नाही.

झालं होतं ते असं. चार्जरच्या तीन पिनांपैकी एक अर्थिंगची, ॲम्प्लिफायरलाही अर्थिंग, आणि दोघांच्या मध्ये ऑडिओची वायर. म्हणजे जमिनीशी जोडणाऱ्या दोन वाटा झाल्या, त्यांचं एक कडं तयार झालं, आणि त्या कड्यातून मेनची ५० हर्ट्झची घरघर गाण्यात शिरली. याला ग्राउंड लूप म्हणतात. चार्जर काढला की कडं तुटतं, घरघर जाते. पण चार्जर काढला की लॅपटॉप बॅटरीवर येतो, विंडोज लगेच कंजूष होऊन वीज वाचवायला लागतं आणि प्रोसेसरचा वेग खाली आणतं. दादाच्या मशीनवर मी टास्क मॅनेजरमध्ये डोळ्यांनी पाहिलं, वेग निम्म्याहून खाली. म्हणजे एका रोगाचं औषध हेच दुसऱ्या रोगाचं कारण होतं. यात रॅमचा संबंध कुठे आला? कुठेच नाही. ते माझं अज्ञान होतं, किंमत रुपये अठराशे फक्त.

पण वेग कमी झाला म्हणून आवाज का तुटावा? प्रोसेसर तर तेव्हाही पूर्ण वापरला जात नव्हता. इथे मी दादाला बफर समजावून सांगायला लागलो आणि माझं इंग्रजी संपलं, मराठीही संपलं. दादाच म्हणाला, "म्हंजे बोडी गा!"

अगदी बरोबर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं छोटं तळं. पाऊस लहरीप्रमाणे पडतो, पण बांधीला पाणी रोज लागतं. मग मधे बोडी. पाऊस आला की ती भरते, आणि पाऊस दडी मारतो तेव्हा बांधी तिच्यावर जगते. लॅपटॉपचंही तसंच. साऊंड कार्डला सेकंदाला ४४,१०० नमुने न चुकता हवेत. प्रोसेसर मात्र दहा कामं करतो, मधूनमधून इकडे येऊन नमुन्यांची एक खेप टाकून जातो. ही खेप म्हणजे बफर. ती २५६ नमुन्यांची असेल तर जेमतेम ५.८ मिलिसेकंद पुरते. १०२४ ची असेल तर २३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्रोसेसर परत नाही आला की बोडी कोरडी, आणि बांधीला भेग. ती भेग म्हणजे तुमचं ते 'कट'.

आणि टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा '४० टक्के' हा आकडा सरासरीचा आहे. धानाचं ज्याला कळतं त्याला सरासरीचं फसवेपण सांगायला नको. सालभराचा पाऊस सरासरीइतका झाला, पण रोवणं झाल्यावर वीस दिवस थेंब नाही, तर त्या सरासरीचं काय लोणचं घालायचं? ऑडिओला सरासरी चालत नाही, प्रत्येक खेप वेळेवर लागते.

म्हणून बोडी मोठी करा. डीजे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर किंवा लेटन्सी नावाची जागा असते, तिथे १०२४ किंवा जरूर पडली तर २०४८ करा. याचा तोटा इतकाच की बटण दाबल्यावर आवाज यायला किंचित उशीर होतो. स्क्रॅचिंग करणाऱ्याला ते जाणवेल. आपल्या गॅदरिंगमध्ये स्क्रॅचिंग कोण करतो हो? एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मधे सायरन वाजवला की आपलं डीजेपण संपतं!

दुसरी भानगड वाय-फायची. मंडपात दादा मोबाईलचा हॉटस्पॉट चालू ठेवायचा, फर्माईश आली की तिथेच गाणं डाउनलोड. वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसरला मधेच धरून ठेवतो, आणि तो सोडेपर्यंत बाकीचे सगळे रांगेत. हे पकडायला लॅटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते नावानिशी सांगतं. दादाच्या लॅपटॉपवर वाय-फायचं नाव सगळ्यात वर होतं. वाय-फाय बंद केलं आणि ओळ खाली गेली. फर्माईशीची गाणी आता आदल्या रात्री भरून नेतो. शिवाय पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर, विंडोजचे 'साऊंड एन्हान्समेंट' बंद, आणि गाण्याचा वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं 'की लॉक' गरज नसेल तेव्हा बंद, कारण ते जुन्या प्रोसेसरचा बराच जीव खातं.

आता त्या घरघरीचं काय? इथे जरा गंभीरपणे बोलतो. आमच्याकडे, आणि आपल्या हॉस्टेलमध्येही, यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे चार्जरची अर्थिंगची पिन तोडणे. घरघर जाते, खरं आहे. पण मंडप ओला असतो, वायरी चिखलातून गेलेल्या असतात, वीज बहुतेक जनरेटरची, आणि एखाद्या पेटीत फॉल्ट आला तर करंटला जमिनीत जायचा रस्ता तुम्हीच तोडलेला असतो. मग तो माइक धरलेल्या माणसातून जातो. इलेक्ट्रिकलच्या पोरांना हे पेपरात पाच मार्काला येतं आणि तीच पोरं रूमवर पक्कड घेऊन पिना तोडतात! उपाय साधा आहे. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी लावा. आत दोन इवले ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो, वायर मात्र तुटलेली राहते. आम्हाला ती तीनशे रुपयांत मिळाली.

इथपर्यंत झालं ते 'तुटणं'. 'फाटणं' ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यात लॅपटॉपचा काडीचा दोष नसतो. तो आपल्या हाताचा असतो.

डिजिटल आवाजाला छप्पर असतं. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. त्याच्या वर जागाच नाही. तुम्ही गेन वाढवला की लाटेचा माथा छपराला आपटून सपाट होतो, आणि त्या सपाट माथ्यातून गाण्यात मुळात नसलेले कर्कश स्वर जन्माला येतात. दादा काय करायचा, बासचा नॉब पूर्ण उजवीकडे. इक्वलायझरवर १२ डेसिबल वाढवलं म्हणजे लाटेची उंची चौपट होते. चौपट! आणि बहुतेक नवी गाणी आधीच छपराला टेकवून बनवलेली असतात. मग लाल दिवा कायम पेटलेला. मी विचारलं, हा लाल दिवा कशाचा? म्हणे, "फुल आवाजाचा."

गंमत अशी की एकदा लॅपटॉपमध्ये फाटलेलं गाणं पुढे मिक्सरवर कमी करून सुधारत नाही. करपलेल्या भातात पाणी ओतून तो पांढरा होत नाही. म्हणून लॅपटॉपमध्ये कमी ठेवा आणि आवाज ॲम्प्लिफायरवर वाढवा. आणखी एक, लॅपटॉपची वायर मिक्सरच्या माइकच्या भोकात घालू नका. माइकमधून काही मिलिव्होल्ट येतात, लॅपटॉपमधून त्याच्या शेकडो पट. आपल्या गॅदरिंगमध्ये नेमकं हेच केलं होतं, मी जाऊन पाहिलंय.

सपाट माथ्याचा अजून एक खर्च आहे. त्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा पूर्ण चौकोनी लाटेत दुप्पट पॉवर असते, आणि त्यातले कर्कश स्वर सरळ हॉर्नकडे जातात. दादाने एका सीझनमध्ये हॉर्नच्या तीन कॉइल जाळल्या होत्या आणि दोष दुकानदाराला देत होता.

एक किस्सा राहिला. दादा लॅपटॉप बासच्या पेटीवर ठेवायचा, टेबल वाचतं म्हणून. मी म्हटलं, यात फिरती हार्ड डिस्क आहे, धक्क्याने वाचायला अडखळेल. तो हसला. मग मी त्याला रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये लिहिलेली गोष्ट सांगितली. हे मायक्रोसॉफ्टमधले जुने इंजिनिअर. विंडोज एक्सपीच्या काळात जॅनेट जॅक्सनचं 'रिदम नेशन' हे गाणं वाजवलं की काही लॅपटॉप बंद पडायचे. नुसते वाजवणारे नव्हे, शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपसुद्धा! त्या गाण्यातली एक फ्रिक्वेन्सी ५४०० आरपीएमच्या एका हार्ड डिस्कच्या कंपनाशी जुळत होती. शेवटी कंपनीने ती फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर लॅपटॉपमध्येच बसवला. रेझोनन्सवर आपण फर्स्ट इयरला पूल कोसळल्याचं उदाहरण लिहितो, हे का नाही लिहीत? दादाने गोष्ट ऐकून लॅपटॉप उचलला आणि वेगळ्या स्टुलावर ठेवला. एवढं मोठं उदाहरण लागलं, पण ठेवला.

आता कमिटीच्या मित्रांनो, मला सांगा. आपल्या कन्सोलच्या लॅपटॉपवर बफर किती होता? पॉवर प्लॅन कोणता? वाय-फाय चालू होतं का? मी गॅदरिंगनंतर पाच जणांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. चार वर्षांत आपण डीएसपी शिकतो, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शेड्युलिंग शिकतो, नायक्विस्ट व्हायव्हात घडाघडा म्हणतो. आणि समोर आवाज तुटला की गावच्या पानठेल्यावरचा माणूस जे म्हणेल तेच म्हणतो. हे मी वरून बोलत नाही. रॅमवाला मीच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे धडधाकट लॅपटॉप ढिगाने भंगारात निघतील, आपल्या लॅबमधलेही निघतील. ज्या मशीनला इंटरनेटला जोडायचंच नाही, फक्त गाणी वाजवायची आहेत, तिला त्याचं काय? तिच्यावर लिनक्स टाका, त्यावर मिक्स्स हे डीजे सॉफ्टवेअर टाका, दोन्ही फुकट आणि कायदेशीर. रूमवर फिरणाऱ्या त्या क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या पेनड्राइव्हमधून गाण्यांबरोबर काय काय येतं ते अँटिव्हायरसला विचारा. लॅबमधल्या सरांना माझी विनंती आहे, भंगारात काढण्याआधी दोन मशीन्स आम्हाला द्या. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालण्याइतका खर्च फंडातून निघेल, आणि आयसोलेटरची डबी माझ्यातर्फे. उरलेल्या पैशात नाट्यस्पर्धेला जाणाऱ्या पोरांचं भाडं निघतं, जे गेल्या वर्षी त्यांनी खिशातून भरलं.

एका मुद्द्यावर मला शिव्या पडतील, तरी लिहितो. आवाज स्वच्छ झाला की तो कमी ठेवला तरी पुरतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि सरकारने सूट दिलीच तर ती १२ पर्यंत, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. हे आकडे वाचून दादा म्हणाला, "मंग वरात का कानात सांगाची?" त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे, इतक्यात वरात बसत नाही. पण गंमत बघा, गेन खाली आणल्यावर पहिल्याच हळदीत आमची आजी पेंडॉलमध्ये दोन तास बसली. याआधी ती डीजे लागला की कानात कापूस घालून मागच्या खोलीत जायची. तिने नंतर विचारलं, "आज गान्यातले बोल समजत होते, नवीन पेटी आनली का?"

पेटी तीच, लॅपटॉपही तोच. २०२५ च्या सगळ्या मंडया त्याने त्याच लॅपटॉपवर काढल्या, नवा घेतला नाही आणि बैलही गोठ्यातच आहे. मी मात्र त्या अठराशे रुपयांचा विषय काढला की दादा मान हलवतो.

"राहू दे बाबू. तुझ्या लग्नात डीजेच्या बिलात लावतो."